कॉटखालचे गठ्ठे

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती, धुळे
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, मुंबई
मा. कुलगुरू, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव
मा. ग्रंथालय संचालक, महाराष्ट्र राज्य

विषय : खानदेशातल्या गावांवरची पुस्तकं छापली जातात, पण वाचकापर्यंत पोचत नाहीत, त्याबाबत.

महोदय,

मुंबई-आग्रा महामार्गालगत नरडाण्यात माझा छोटा छापखाना आहे. छापखाना म्हणायचं ते वडिलांच्या ट्रेडल मशीनच्या आठवणीनं. आता दोन संगणक, एक झेरॉक्स, एक लॅमिनेशनचं मशीन, आणि मोठं काम आलं की धुळ्याच्या ऑफसेटवाल्याकडे धाव. लग्नपत्रिका, गंधमुक्तीची कार्डं, पावतीपुस्तकं, निवडणूक आली की पत्रकं, यांवर घर चालतं. या धंद्यात बसलं की काही गोष्टी अशा दिसतात ज्यांची फाईल तुमच्या टेबलावर कधी येत नाही. गावावर, गावातल्या माणसांवर, इथल्या बोलीवर पुस्तक लिहिणारे लोक या भागात कमी नाहीत. त्यांची हस्तलिखितं मी टाईप करतो, पुस्तकं छापून आणतो, आणि पुढे त्यांचं काय होतं तेही बघतो. त्याबद्दल हे पत्र.

एक नमुना सांगतो. पन्नाशीतला एक शेतकरी दुकानात आला आणि पिशवीतून एक लांब वही काढून त्यानं काउंटरवर ठेवली. "मन्हा बापनी लिखेल से. छापनं से." वही जमाखर्चाची, लाल कापडी पुठ्ठ्याची. बापानं तिच्यात वर्षानुवर्षं गाव लिहून ठेवलं होतं. पहिलं इंजिन कुणाच्या विहिरीवर बसलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण जायचं आणि हप्त्याला हातात काय पडायचं. तापीचं पाणी चढलं तेव्हा कुणाच्या ओट्याला लागलं. कानबाईचा मान कोणत्या घराचा. रेल्वेच्या मालधक्क्यावर कपाशीच्या गाठी कुणाच्या बैलगाड्यांनी जायच्या. एका पानावर सालदारांची नावं आणि त्यांच्याशी ठरलेला करार : वर्षाचं धान्य किती, धोतरजोडा कितवा, वहाणा द्यायच्या की नाही. मधेच दोन पानं किराणा दुकानाच्या उधारीची. इतिहासाच्या प्राध्यापकाच्या हाती ती वही पडली असती, तर त्यानं ती पुन्हा पिशवीत जाऊ दिली नसती.

मुलाला बापाच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी पुस्तक हवं होतं. हातात दीड महिना. मी टाईप करायला घेतलं. सालदारांचं पान गाळा, असं त्याच्या चुलत्यानं येऊन सांगितलं : "त्यासना नातू आते नोकरीवर सेत, वाईट वाटी." उधारीची पानं आपोआपच गळाली. एका पुढाऱ्याची प्रस्तावना आली, तिच्यात वहीतलं एकही वाक्य नव्हतं. सुरुवातीला मान्यवरांचे रंगीत फोटो लागले. नकाशा नाही, शेवटी सूची नाही, सालं कुणी तपासलेली नाहीत. एक अष्टमांश डेमी, दहा फॉर्मे, म्हणजे १६० पानं, सत्तर जीएसएम मॅपलिथो, ५०० प्रती. खर्च पंचावन्न हजारांच्या आसपास, तो त्या साली कपाशीचे जे काही झाले त्यातून. कार्यक्रमात शाल-नारळाबरोबर शेकडा-सव्वाशे प्रती वाटल्या गेल्या. काही पाहुण्यांच्या घरी गेल्या. उरलेले गठ्ठे त्याच्या कॉटखाली आहेत आणि दर पावसाळ्याआधी तो ते उधईसाठी हलवून बघतो.

त्या मुलाला मी नावं ठेवणार नाही. त्याच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यानं केलं, आणि बापासाठी कर्ज काढायचीही त्याची तयारी होती. मुद्दा असा की या सगळ्या प्रकरणात छपाई हा सर्वांत सोपा भाग होता. ती मी केली, पैसे घेतले, संपलं. अवघड होतं ते छपाईच्या आधीचं आणि नंतरचं. आधी कुणीतरी जाणत्यानं ती वही वाचायला हवी होती, सालं पडताळायला हवी होती, सालदारांचं पान का गाळू नये हे चुलत्याला समजावून सांगायला हवं होतं. नंतर ते पुस्तक शिंदखेड्याच्या, शिरपूरच्या, धुळ्याच्या वाचनालयात पोचायला हवं होतं, कॉलेजात पोचायला हवं होतं, आणि दहा वर्षांनी कुणी मागितलं तर पुन्हा छापता यायला हवं होतं. या दोन्ही टोकांना आज कुणीही उभं नाही. सरकारी मदत असली तर ती मधल्या सोप्या भागाला, म्हणजे माझ्यासारख्याच्या बिलाला. बिल मिळालं की मला आनंदच आहे, पण तुम्ही पैसे चुकीच्या जागी मोजताय हे सांगणं माझं काम आहे.

नंतरच्या टोकाबद्दल एक गोष्ट छापखान्याबाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. नव्वदीपासून पुढची वीस-पंचवीस वर्षं खानदेशातलं जवळजवळ प्रत्येक गावचं पुस्तक, प्रत्येक स्मरणिका, प्रत्येक शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक पेजमेकरमध्ये, जुन्या फाँटमध्ये लावला गेला. ते फाँट आता नव्या संगणकावर उघडत नाहीत, उघडले तर अक्षरांची भेळ दिसते. डीटीपीवाल्यानं दुकान बंद केलं, सीडीला ओरखडा पडला, संगणक भंगारात गेला, की पुस्तकाची फाईल गेली. लेखक वारलेला, प्रती संपलेल्या, फाईल नाही. पुन्हा छापायचं तर पहिल्या पानापासून टाईप करा. शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या शंभर वर्षांनी वाचता येतात आणि २००४ सालचं पुस्तक संगणकातून वाचता येत नाही, ही अवस्था मी रोज बघतो. माझ्याच कपाटात अशा सीड्यांचा एक डबा आहे. तो कुणाला द्यावा, ते माहीत नाही. विद्यापीठात, जिल्हा ग्रंथालयात, कुठेही "आणून द्या, आम्ही युनिकोडमध्ये करून ठेवतो" असं म्हणणारी एक खिडकी माझ्या तरी पाहण्यात नाही.

हा प्रदेश पुस्तकांच्या बाबतीत मुळात मागासलेला नव्हता, म्हणून जास्त बोचतं. जळगावातून नानासाहेब फडणीस 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेचं मासिक १८८७ पासून काढत होते. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि गावोगावच्या मठांतून समर्थ संप्रदायाची बाडं गोळा केली. ती आज समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. मंडळाचं 'संशोधक' त्रैमासिक १९३०च्या दशकापासून निघत आलं आहे. १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात रविवारमागून रविवार गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली, आणि 'गीता प्रवचने' देशभरच्या भाषांत गेलं. तुरुंगात बसून जे पुस्तक झालं, तेवढ्या तोडीचं पुस्तक मोकळ्या हवेत करायला आम्हाला काय धाड भरली आहे, असा प्रश्न मला कधीकधी पडतो.

राजवाड्यांबद्दल मात्र थोडं थांबून लिहितो. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड त्यांनी काढले. पहिला १८९८ साली आला. देशमुख-देशपांडे-कुलकर्ण्यांच्या माळ्यांवरचे कागदांचे रुमाल त्यांनी पायी फिरून जमवले, पुष्कळदा विनवण्या करून, अपमान गिळून. पैशाचं पाठबळ नसलेला हा माणूस छापखान्यांच्या दारात किती उभा राहिला असेल, ते आमच्या धंद्यातला माणूस ओळखू शकतो. त्यांच्यामुळे वतनदारांचे कागद वाचले. ज्यांच्याकडे कागद होता, त्यांचा इतिहास उरला. आज शंभर वर्षांनी कागद सालदाराच्या नातवाकडेही आहे, शाळेच्या शिपायाकडे आहे, अंगणवाडीच्या ताईकडे आहे. हे कागद गोळा करत हिंडणारा दुसरा राजवाडे यायची वाट बघत बसायचं नसतं. एका माणसाच्या तऱ्हेवाईक जिद्दीवर जे काम तेव्हा झालं, ते आता व्यवस्थेनं करायला पाहिजे. तुमची खुर्ची त्यासाठी आहे.

बहिणाबाईंची गोष्टही तशीच आहे, आपण ती फार गोड करून सांगतो एवढंच. आसोद्याची ही बाई शेतात, जात्यावर गाणी रचत गेली, तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी ती उतरून ठेवली. बाई १९५१ साली गेली. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. सोपानदेव स्वतः कवी होते, अत्र्यांशी ओळख होती, म्हणून. आज विद्यापीठाला बाईंचं नाव आहे. पण सोपानदेवांसारखा मुलगा नसलेल्या बायांच्या गाण्यांचं काय झालं, हा प्रश्न विद्यापीठाच्या कमानीखालून जाताना कुणाला तरी पडला पाहिजे. आखाजीची, कानबाईची, गुलाबाईची गाणी मी अनेक पुस्तकांत छापलीत. खाली लिहिलेलं असतं "पारंपरिक". ज्या म्हातारीनं ती म्हणून दाखवली, तिचं नाव, गाव, वय काहीच नाही. संकलक म्हणून मात्र गुरुजींचं नाव ठळक टायपात. मी सुचवलं की खाली बाईचं नाव टाका, तर बरेच जण मान हलवतात आणि प्रूफ परत येतं तेव्हा ते नाव खोडलेलं असतं.

इथे आमच्या लोकांचंही ऐकून घ्या, कारण सगळा दोष सरकारवर ढकलणं मला पटत नाही. गावच्या इतिहासाची जी पुस्तकं निघतात, त्यांतली बरीच वाचवत नाहीत. पहिलं प्रकरण रामायण-महाभारतापासून सुरू होतं, दुसऱ्यात गावाच्या नावाची व्युत्पत्ती, तिसऱ्यापासून एका भाऊबंदकीची वंशावळ, शेवटी आजी-माजी सरपंच आणि जाहिराती. गावच्या पुस्तकात गावाबाहेरची वस्ती नसते. भिल्लवाडा नसतो. १८२५ साली आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्ल पलटण उभी केली आणि तिचं ठाणं धरणगावात होतं, १८५७-५८ साली खाजा नाईकानं सातपुड्यात इंग्रजांशी झुंज दिली, हे शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं सापडतं. पण त्याच भिल्लवाड्यातली माणसं पुढच्या पावणेदोनशे वर्षांत ऊसतोडीला कुठे गेली, वनजमिनीचे दावे कसे लढली, मुली कधीपासून शाळेत जायला लागल्या, याचं एक पान नसतं. ज्यांनी पुस्तकाला वर्गणी दिली त्यांचं गाव त्या पुस्तकात येतं, हा साधा हिशेब आहे. सार्वजनिक पैसा यायला हवा तो यासाठीच. वर्गणीवर निघणारं पुस्तक वर्गणीदाराचंच होणार.

तालुक्यातल्या घटनांचंही तसंच. १४ एप्रिल १९४४ रोजी आमच्याच शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी साडेपाच लाखांच्या घरातला सरकारी खजिना लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि खानदेशातले उत्तमराव पाटील, लीलाताई पाटील, व्यंकटअण्णा रणधीर यांची नावं भाषणांत येतात. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका दाव्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी त्या तारखेला तिथे यात्रेसारखी गर्दी होते. शाळेतली पोरं प्रकल्पासाठी माझ्या दुकानात येतात. "काका, चिमठाण्यावर काही भेटी का?" मी त्यांना गुगल करून झेरॉक्स काढून देतो. चाळीस-पन्नास पानांची, नकाशा असलेली, तारखा तपासलेली, तीस रुपयांची पुस्तिका एसटी स्टँडवर मिळाली पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे. त्या क्रांतिकारकांसाठी कुणाकडे कोणत्या रात्री भाकरी झाल्या, हे सांगणारी शेवटची माणसं तर बहुतेक गेलीच आहेत.

आता घाई का, ते नरडाण्याच्या लोकांना सांगावं लागत नाही, तुम्हाला सांगतो. इथे एमआयडीसी झाली. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमध्ये धुळे-नरडाणा हे नाव आलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळे-नरडाणा रेल्वेचं आणि सुलवाडे-जामफळ उपसा सिंचन योजनेचं एकाच दिवशी भूमिपूजन झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड-इंदूर हा ३०९ किलोमीटरचा, १८,०३६ कोटींचा नवा मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केला. ताप्ती व्हॅली रेल्वेवर बेटावद, शिंदखेडा यांच्या पंक्तीतलं आमचं छोटं स्टेशन, ते आता जंक्शन व्हायला निघालं आहे. होऊ दे. विकासाला माझा विरोध नाही, पत्रिका छापणाऱ्याला वर्दळ हवीच असते.

पण जमीन घेताना सरकार काय करतं बघा. संयुक्त मोजणीला मोजणीदार, तलाठी, पंच येतात. विहीर किती फूट, पाईपलाईन किती, आंब्याचं झाड किती वर्षांचं, निंबाची किती, गोठ्याचे पत्रे किती, सगळं पंचनाम्यात उतरतं. एवढी बारीक नोंद राजवाड्यांनाही मिळाली नसती! त्यात एकच गोष्ट राहते : त्या शेताला लोक काय म्हणत होते, विहीर कुणी खणली, निंबाखाली कुणाचं थडगं किंवा कोणता देव होता. गट नंबर उरतो, नाव जातं. नव्वद टक्के काम सरकारी खर्चानं झालेलंच असतं. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात बाधित गावावर एक पुस्तक, एवढी ओळ घातली, तर १८ हजार कोटींत ती शोधावी लागेल. सरदार सरोवरात आपल्या बाजूची अक्राणी-अक्कलकुव्याची ३३ गावं गेली. ते पाणी चढत होतं तेव्हा ही ओळ असती, तर आज नर्मदाकाठची किती नावं, किती गाणी कागदावर असती, याचा विचार करा.

सरकारी ग्रंथ म्हणाल तर आमच्यावरचं मोठं काम १८८० सालचं, कॅम्पबेलच्या संपादनाखालचं खानदेशचं गॅझेटिअर. त्यानंतर जळगावचं १९६२ साली आलं, धुळ्याचं १९७४ साली. धुळ्याचं निघालं तेव्हा नंदुरबार जिल्हा जन्माला यायचा होता, तो १ जुलै १९९८ रोजी झाला. म्हणजे ज्या जिल्ह्याचं ते पुस्तक आहे, तो जिल्हा नकाशावर त्या रूपात नाहीच. शिवाय पुस्तक इंग्रजीत. आमच्या गुरुजींनी त्यातून उतारे काढायचे तर आधी शब्दकोश घेऊन बसायचं.

बोलीचा मामला आणखी नाजूक. २०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' या नावाखाली साडेअठरा लाखांहून जास्त माणसांनी आपली मातृभाषा नोंदवली, आणि त्यातली बहुतेक अहिराणी बोलणारी. डॉ. रमेश सूर्यवंशींनी अहिराणीचा शब्दकोश केला, डॉ. सुधीर देवरे यांनी 'ढोल' हे नियतकालिक चालवलं. ही एकेका माणसाची कामं. पण छपाईच्या पातळीवर अहिराणी पुस्तकाला वाली नाही. इथल्या एका लेखकाचं पुस्तक बाहेरगावच्या प्रकाशकाकडे गेलं, तिथल्या मुद्रितशोधकानं प्रामाणिकपणे सगळ्या संवादांतली अहिराणी "सुधारून" प्रमाण मराठी करून टाकली. प्रूफ लेखकापर्यंत आलंच नाही. छापून आलं तेव्हा त्याची आजी पुण्याच्या बाईसारखी बोलत होती. हसू नका, तो माणूस रडला होता.

आता मागणं. मोठं काहीही मागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, आनंदच झाला, त्याच सुमारास विद्रोही संमेलनही झालं, खानदेशात आठवडाभर पुस्तकांचा माहोल होता. संमेलनासाठी सरकार दोन कोटींचं अनुदान देतं. ते बंद करा असं मी म्हणणार नाही. माझ्या दरानं हिशेब केला तर त्या दोन कोटींत ५०० प्रतींची साडेतीनशेहून जास्त गावची पुस्तकं होतात. त्याचा दहावा हिस्सा दरवर्षी या दोन-तीन जिल्ह्यांसाठी निघाला, तरी पुष्कळ झालं.

फक्त तो पैसा छपाईच्या बिलात घालू नका. साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी योजना आहे, तिच्यातून कथा-कवितांची चांगली पुस्तकं आली. गावच्या इतिहासाचं काम तिच्यात बसवायला गेलात तर ते उपाशीच राहील, कारण त्याला मोडी वाचणारा लागतो, नकाशा काढणारा लागतो, महसुली दप्तर कसं मागायचं ते ठाऊक असलेला माणूस लागतो. जिल्ह्याला एक पगारी संपादक द्या. खराखुरा संपादक, ज्याच्याकडे मोटारसायकल आहे आणि जो वही बघायला बांधावर जाईल. कुणी आपली वही घेऊन आलं तर तो म्हणेल, थांबा, हे सालदारांचं पान ठेवूया. राजवाडे मंडळासारखी जुनी संस्था या माणसाला बसायला टेबल देऊ शकेल. पगार नियोजन समितीनं द्यावा. रस्त्याच्या एका किलोमीटरच्या डांबरात दोन-चार संपादक वर्षानुवर्षं जगतील.

कुलगुरू महोदय, तुमच्याकडे इतिहासाचे, मराठीचे विद्यार्थी दरवर्षी लघुप्रबंध लिहितात. त्यातले कितीतरी आपल्याच गावावर, बाजारावर, यात्रेवर. ते काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत ग्रंथालयाच्या रॅकवर चढतात आणि तिथेच राहतात. मी अशा बांधण्या करून पोट भरतो म्हणून सांगतो. त्यातल्या चांगल्या दहाचं दरवर्षी साठ-साठ पानांचं पुस्तक करा. आणि ती सीड्यांची खिडकी तुमच्याच विद्यापीठात उघडा. जुन्या फाँटचं युनिकोड करणं हे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका सत्राचं काम आहे.

ग्रंथालय संचालकांना एक वेगळी विनंती. १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसंच मुंबई, दिल्ली, चेन्नईच्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या शेतकऱ्याला हे कोण सांगतं? आयएसबीएन फुकट मिळतो, हेही त्याला ठाऊक नसतं. काही एजंट त्याचे दोन-अडीच हजार उकळतात. एक पानाचं मराठी पत्रक काढा आणि जिल्ह्यातल्या सगळ्या डीटीपीवाल्यांना वाटा. आम्ही ते पुस्तकाबरोबर देऊ. कोलकात्याला प्रत गेली आणि लेखकाच्या तालुक्याच्या वाचनालयात नाही, असं होऊ नये म्हणून जिल्ह्यात निघालेल्या प्रत्येक स्थानिक पुस्तकाची एक प्रत जिल्ह्यातल्या प्रत्येक अनुदानित वाचनालयानं विकत घ्यावी, असा साधा नियम करा. पुण्याच्या ठोक विक्रेत्याकडून पन्नास टक्के सवलतीत येणाऱ्या गठ्ठ्यात आमचं पुस्तक कधीच नसतं, कारण आमच्याकडे सवलत द्यायला मार्जिनच नसतं.

आणि कंपन्या. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत वारसा, कला, सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. एमआयडीसीतल्या ज्या कंपन्यांना हे लागू आहे त्यांच्याशी जिल्हाधिकाऱ्यांनी एकदा बोलावं. स्वीडनमध्ये स्वेन लिंडक्विस्ट नावाच्या लेखकानं १९७८ साली कामगारांना सांगितलं की तुमच्या कारखान्याचा इतिहास तुम्हीच खणून काढा, कारण त्या कामातले जाणकार तुम्हीच. त्यातून तिकडे कामगारांची शेकडो अभ्यासमंडळं उभी राहिली. आमच्याकडे अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तीच आजची विप्रो. अमळनेरमधल्या शेअरच्या आणि कोट्यधीशांच्या गोष्टी देशभर छापून येतात. त्या कारखान्यात तुपाचे डबे ज्यांनी भरले, त्यांच्या पाळ्या, त्यांचे पगार, त्यांच्या चाळी यांचं पुस्तक मला अजून छापायला मिळालेलं नाही.

शेवटची सूचना थोडी मोठी आहे, तेव्हा रागावू नका. खानदेशात सहकारी साखर कारखाना झाला, सूतगिरणी झाली, दूध संघ झाला, पतपेढ्या तर गल्लोगल्ली. केरळात कोट्टायमच्या लेखकांनी १९४५ साली पुस्तकांची सहकारी संस्था काढली, ती अजून चालू आहे, स्वतःची दुकानं चालवते, लेखकाला मानधन देते. आमच्याकडे शिरपूर ते रावेर या पट्ट्यात लिहिणारे, छापणारे, वाचनालयवाले एकत्र आले तर अशी संस्था काढायला शंभर सभासद सहज मिळतील. नोंदणी, भागभांडवलाला हात आणि पहिल्या तीन वर्षांचं भाडं एवढी मदत शासनानं केली, तर बाकीचं आमचं आम्ही बघू. कॉटखालचे गठ्ठे आधी या संस्थेच्या गोदामात आणू, यादी करू, आणि यात्रेत, बाजारात, एसटी स्टँडवर विकू. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे विकले जातात, पुस्तकंही विकली जातील.

या पत्राचं उत्तर द्यायचं ठरवलंत तर कृपया "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" असं लिहू नका, ते वाक्य माझ्याकडे कंपोज करून ठेवलेलं आहे, सरकारी परिपत्रकं टाईप करताना लागतं. योजना काढलीत तर अर्ज एक पानाचा ठेवा आणि मराठीत ठेवा. त्याच्या पहिल्या हजार प्रती मी फुकट छापून देईन.

आपला,
नरडाण्याचा एक छापखानावाला